तिसरा फर्मा

प्रिय धाकटे,

आधी घरची खबर. वरच्या खोलीतला नळ अखेर दुरुस्त केला. तू होतीस तेव्हा तो थेंब थेंब गळायचा, तू खाली पेला ठेवायचीस आणि म्हणायचीस, आवाज बदलला की पेला भरला असं समजायचं, घड्याळ कशाला हवं. प्लंबर आला, वायसर बदलला आणि पाच मिनिटांत गेला. पाच मिनिटांचं काम मी वर्षभर पुढे ढकललं. माझं सगळं असंच. पडदा धुऊन पुन्हा लावलाय. खोली कुणाला दिलेली नाही. दोनदा विचारणा झाली. एकदा एक शिकवणीवाले मास्तर आले होते, एकदा एक नवं जोडपं. दोन्ही वेळा मी छत गळतं असं ठोकून दिलं. खोटं बोलायला मला जड जात नाही, हे तुझ्याइतकं कुणाला ठाऊक असणार.

हे पत्र नर्सबाई आणतील. दर गुरुवारी त्या तुमच्या गल्लीत औषधांची पिशवी घेऊन येतात, तेव्हा. चार महिने त्या माझ्याशी बोलत नव्हत्या. समोरून आल्या तर रस्ता ओलांडून पलीकडे जायच्या, इतक्या जाड बाई, पण माझ्यासाठी झपझप चालायच्या. मागच्या सोमवारी मी दवाखान्याच्या पायरीवर जाऊन बसले, तशी त्यांना थांबावंच लागलं. म्हणाल्या, पत्र नेईन, पण तिनं फाडलं तर मी हात धरणार नाही. मी म्हटलं, फाडू दे, फक्त आधी ऐकू दे. मी तुला वाचायला शिकवत होते, आपण दोघी जोडाक्षरांपर्यंत येऊन थांबलो होतो. तेव्हा तुझं तुला लागेल तेवढं वाच, बाकीचं त्या वाचून दाखवतील. मधेच त्यांना माझा राग येईल आणि त्या थांबतील. थांबू दे त्यांना.

तुझा खोकला अजून आहे म्हणाल्या. पाणी गरम करून पी. तिथे कोण गरम करून देणार, हे मला कळतं, तरी लिहिते.

झालेल्या गोष्टी तुला ठाऊक आहेत, पण त्या जिन्यावरून जशा दिसल्या तशा. खालून त्या कशा होत्या ते सांगते. माझी बाजू मांडते असं समजू नकोस. बाजू मांडायला ती असावी लागते.

नर्सबाई पहिल्यांदा तुझ्याबद्दल बोलायला आल्या तेव्हा त्यांनी माझ्यापासून काही लपवलं नव्हतं. स्वयंपाकघरात माझ्यासमोर बसून सरळ सांगितलं, बाई कुठून येतेय, किती वर्षं तिथे होती, आता निघायचं म्हणते. म्हणाल्या, खोली नसली की काम मिळत नाही, काम नसलं की खोली मिळत नाही, आणि दोन्ही नसलं की जिथून निघाली तेवढं एकच दार उघडं राहतं. मी विचार करायला एक दिवस मागितला आणि त्यांनी पिशवी उचलायच्या आत हो म्हटलं. उपकार म्हणून नव्हे. ह्यांना जाऊन तीन वर्षं झाली होती. डोक्यावर कुणाची तरी पावलं वाजावीत एवढंच मला हवं होतं.

तू आलीस. पहिले दोन महिने तू वर जाऊन कडी लावलीस की पाठोपाठ ट्रंक दाराशी ओढल्याचा आवाज यायचा. रोज. मग एका संध्याकाळी कडी लागली आणि पुढे काहीच नाही. मी हातातलं टाकून जिन्याखाली कान देऊन उभी राहिले. ट्रंक जागची हलली नाही. हे तुला कधी बोलले नाही. ह्यांच्यामागे मला मनापासून बरं वाटलं ते त्या दिवशी पहिल्यांदा.

बाइंडिंगच्या कारखान्यात तुला घेऊन गेले तेव्हा मुकादमबाईंनी विचारलं, ही कोण? काय सांगायचं ते मी घरून ठरवून निघाले होते, लांबची भाची वगैरे. तोंडातून निघालं, माझी धाकटी बहीण. तू माझ्याकडे बघितलंस. मीही तुझ्याकडे बघितलं. तारेच्या शिलाईच्या मशीनवरची बाई, जिला सगळ्या टाचणी म्हणतात, मान वर न करता म्हणाली, एक उंबरठा आणि एक दाराची चौकट, सुतार एकच होता की बदलला? सगळं टेबल हसलं. तूही हसलीस आणि दातांवर हात धरलास. त्या दिवसापासून तू सगळ्यांची धाकटी आणि मी थोरली. माझं आधीचं नाव तिथे कुणाला आठवतही नसेल.

घडी तू तीन दिवसांत शिकलीस. मला तीन महिने लागले होते. मोठा कागद, दोन्ही बाजूंनी मिळून सोळा पानं, तीन घड्या, त्या दाबायला वरून हाडाची पट्टी, आणि झाला फर्मा. कागद उघडा असताना पानं भलत्याच क्रमानं दिसतात, काही सुलटी, काही डोक्यावर उभी. मी त्यातूनच वाचायला शिकले. शाळा मला माहीत नाही. अजून मला पेपर उलटा दिला तरी वाचता येतो, याचं ह्यांना फार कौतुक होतं. पण आमच्या कामात एक खोट आहे, ती तुला तेव्हा सांगितली नव्हती. एकीच्या वाट्याला एकच फर्मा येतो. दुसरा फर्मा माझ्या टेबलावर, तिसरा समोरच्या टेबलावर. कितीतरी गोष्टी मी अशा वाचल्या, की बत्तिसाव्या पानावर बाई दारात उभी आहे, आणि पुढे ती आत गेली की बाहेर, ते समोरच्या टेबलावर. हे कटिंग मशीनवर होते. असं काही अर्धवट राहिलं की मी घरी गप्प असायची. ह्यांच्या ते लक्षात यायचं. चार दिवसांनी खिशातून एक खराब प्रत निघायची, वेडीवाकडी कापलेली, पण पूर्ण. म्हणायचे, घे, तुझी बाई दारात ताटकळली असेल.

ते गेल्यावर मला पुढचे फर्मे आणून देणारं कुणी राहिलं नाही. माझं अर्धवट वाचणं अर्धवटच राहत गेलं, आणि मला त्याची सवय झाली. जेवढं वाचलं तेवढंच पुस्तक, असं वाटू लागलं.

तुझा अर्ज नर्सबाईंनी भरला. पत्ता माझा. निघू इच्छिणाऱ्या बाईला वर्षभर राहायला खोली, काम शिकायची सोय आणि हातखर्च, असं नवीन कायद्यात आहे म्हणाल्या. समिती बसते, कागद तपासते, आणि जे काय ठरेल ते पोस्टानं घरी येतं. त्या दिवसापासून तू पोस्टमनच्या मागे लागलीस. आयुष्यात तुझ्या नावाचं पाकीट कधी आलेलं नाही, हे तू मला हसत सांगितलंस. तिथे तर नावच दुसरं होतं. पोस्टमन सायकल टेकवायचा आणि तू विचारायचीस, काका, माझ्या नावाचं काही? तो म्हणायचा, पोरी, आधी कुणीतरी तुझं नाव लिहायला हवं ना. तू म्हणायचीस, सरकार लिहिणार आहे. तो म्हणायचा, मग म्हातारी होशील.

आणि नेमकी त्याच कायद्याची पुस्तिका आपल्याकडे बांधणीला आली. चौसष्ट पानं, चार फर्मे. तुला आठवेल, त्या आठवड्यात टेबलावर कुणी फारसं बोलत नव्हतं. दुसरा फर्मा माझ्याकडे होता. तिसरा तुझ्याकडे. तू माझ्या समोर बसून पट्टी फिरवत होतीस आणि मी घडी घालता घालता वाचत होते. बाई स्वतः गुन्हेगार नाही, असं होतं. धंदा चालवणारा, त्यावर जगणारा, आणि एकोणतिसाव्या पानावर, जाणूनबुजून जागा देणारा, हे गुन्हेगार. त्याला कैद, आणि जागा जप्त.

जाणूनबुजून या शब्दावर माझा हात थांबला. नर्सबाईंनी मला सगळं सांगितलं होतं. मला सगळं ठाऊक होतं. हे घर ह्यांनी सव्वीस वर्षं कटिंग मशीनवर उभं राहून केलं, त्यात डाव्या हाताचं एक बोट गेलं. मी फर्मा बाजूला ठेवला, पुढचा घेतला. त्यावरही तेच पान. तीन हजार प्रती होत्या. मी ते वाक्य दिवसभर घडीत दाबत राहिले आणि ते पुन्हा पुन्हा वर येत राहिलं. तू विचारलंस, थोरले, काय लिहिलंय गं? आपल्याबद्दल आहे का? मी म्हटलं, सरकारी भाषा आहे, आपल्याला काय करायचंय. तू बरं म्हणालीस. तुझ्या हातात तिसरा फर्मा होता.

आठ दिवसांनी समितीकडून चौकशीवाल्या बाई आल्या. वाईट नव्हत्या. उन्हातून चालत आल्या होत्या, बुटाचा टाका उसवलेला. पाणी मागितलं. वही उघडली आणि विचारलं, वर राहते ती तुमची कोण? मी म्हटलं, कोणी नाही. भाडेकरू. त्यांनी विचारलं, ती आधी काय करायची ते ठाऊक आहे? मी म्हटलं, नाही, ठाऊक असतं तर दिली नसती. त्यांनी माझ्याकडे जरा बघितलं. मग विचारलं, अजून किती दिवस राहू द्याल? हा प्रश्न त्या तुझ्या सोयीसाठी विचारत होत्या, हे आता कळतं. मी म्हटलं, महिनाअखेर. त्यापुढे एक दिवस नाही.

तेव्हा जिन्यावर बादली टेकवल्याचा आवाज झाला. धुणं घेऊन तू खाली येत होतीस. मी वळून बघितलं नाही. तू बादली तिथेच ठेवून वर गेलीस, आणि कडीचा आवाज झाला, आणि मग, पाच महिन्यांनी, ट्रंक दाराशी ओढल्याचा.

सकाळी तू नव्हतीस. बादलीतलं धुणं मीच वाळत घातलं, त्यात तुझं एक पातळ आणि माझी चार होती. वर गेले तर अंथरुणाची घडी घातलेली, काठाला काठ, कोपऱ्याला कोपरा, वर हाडाची पट्टी ठेवलेली. ती पट्टी ह्यांची होती, मी तुला दिली होती. तेवढी परत करून गेलीस. बायकांच्या निवाऱ्यात जागा नव्हती, यादीत नाव घालून घेतलं, आणि तू तीन रात्री एसटी स्टँडच्या बाकावर काढल्यास, हे नर्सबाईंनी मला दवाखान्याच्या पायरीवर सांगितलं. चौथ्या दिवशी जिथून निघाली होतीस तिथे. एकच दार उघडं राहतं, असं त्या म्हणाल्या होत्या. दुसरं मी बंद केलं.

कारखान्यात सांगितलं, धाकटी सासरी गेली. टाचणीनं मशीन थांबवलं. म्हणाली, सासर कुठलं ते सांग, मी आणते सोडवून. मी पुढचा कागद ओढला. मग हळूच म्हणाली, थोरले, आम्हाला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. माझी आत्या त्याच गल्लीत भाजी विकायची, मी हिला ओळखलं होतं. पण तू बहीण म्हणालीस ना. मग बहीण. तुझ्या शब्दावर आम्ही सगळ्या गप्प राहिलो, तूच कशी बदललीस? पुढचे दोन महिने जेवणाच्या सुट्टीत माझ्या शेजारी कुणी बसलं नाही.

मग एक दिवस टाचणीनं माझ्यासमोर एक पुस्तिका आपटली. कव्हर उलटं लागलेली, खराब प्रत, पण पूर्ण. म्हणाली, तुझा नवरा आणायचा ना तुला अशा? घे. वाचणारी बाई ना तू, मग नीट वाच.

मी ती घरी नेऊन उभ्या उभ्या वाचली. पस्तिसावं पान. धंदा सोडण्यासाठी अर्ज केलेल्या स्त्रीस राहण्यास जागा देणाऱ्यास आधीचे कलम लागू होणार नाही. त्याने लेखी जबाब दिल्यास तो अर्जदाराच्या बाजूचा पुरावा समजला जाईल. धाकटे, ते तिसऱ्या फर्म्यात होतं. तीन हजार वेळा तुझ्या हाताखालून गेलं. तुला अजून सलग वाचता येत नव्हतं आणि मला येत होतं, आणि आपल्या दोघींमध्ये हातभर रुंदीचं टेबल होतं. मी नुसतं वाकून बघितलं असतं तरी चाललं असतं. उलटंसुद्धा वाचता येतं मला.

दुसऱ्या दिवशी रजा टाकून त्या कचेरीत गेले. काचेला तळहाताएवढं भोक आहे, त्यातून बोलावं लागतं, म्हणून सगळे वाकून उभे असतात, नसलेला अपराधही कबूल केल्यासारखे. मी जबाब लिहून नेला होता. मला पहिल्यापासून सगळं ठाऊक होतं, तरी मी जागा दिली, ती माझ्याकडे सात महिने नीट राहिली, रोज कामाला गेली, असं सगळं. फॉर्मवर एक रकाना होता, अर्जदाराशी नातं. मी लिहिलं, थोरली बहीण. कारकून म्हणाला, आडनाव वेगळं, गाव वेगळं, वयात वीस वर्षांचं अंतर, खोटं लिहिणं गुन्हा आहे, आजी. मी म्हटलं, मग लावा गुन्हा. त्यानं तो कागद घेतला, शिक्का मारला आणि म्हणाला, पण फाईल बंद आहे, कारण पोस्टानं येईल. मी विचारलं, उघडायची कशी? तिनं स्वतः हजर व्हायचं. मग आणते तिला. तो म्हणाला, मधल्या काळात ती पुन्हा तिथे गेली आहे का? एकच उघडं राहिलेलं दार मला दिसत होतं. म्हणाला, तसं असेल तर एक वर्ष नवीन अर्ज घेता येत नाही, एक्केचाळीस पान बघा. तेही तिसऱ्याच फर्म्यात होतं, मी वाचलं होतं. मागची बाई म्हणाली, आटपा की हो. मी बाजूला झाले. त्यानंतर चार वेळा गेले. कारकून आता ओळखतो. आजी, पाणी प्या, म्हणतो. तोही काही करू शकत नाही.

पोलिसांत जावं तर नर्सबाई नको म्हणतात. धाड पडली तर सगळ्या बायकांना कोंडून ठेवतात, घरचं कुणी येईपर्यंत सोडत नाहीत, आणि घरचं कुणी म्हणून मला ते धरणार नाहीत. मी स्वतः तुमच्या गल्लीच्या तोंडाशी दोनदा येऊन उभी राहिले. तिथल्या पानवाल्यानं विचारलं, आजी, कोण हवंय? तिथलं तुझं नाव मला ठाऊक नाही आणि खरं तिथे घ्यायचं नाही. परत आले. आता नर्सबाई सांगतात की तुला दुसऱ्या शहरात पाठवायचं बोलणं चाललंय, पुढच्या महिन्यात. तिथे त्यांची पिशवी पोचत नाही. म्हणजे हा गुरुवार, फार तर पुढचा. मी तुला ये म्हणत नाही. यायला निघालीस तर काय होतं ते नर्सबाईंनी मला दुसऱ्या एका मुलीचं सांगितलंय. खोली आहे, नळ गळत नाही, कडी आतून लागते, एवढंच कळवते. त्याचं तू काय करू शकशील, मला माहीत नाही.

आता जे सांगायला बसले ते. चार पानं झाली तरी ते मागे ढकलत होते. तू नर्सबाईंना म्हणालीस म्हणे, माझ्यासारखीला सरकार कशाला देतंय, मी उगाच पोस्टमनला त्रास दिला. धाकटे, तुझ्या नावाचं पाकीट आलं होतं. तू गेल्यावर तीन आठवड्यांनी. तुझं पूर्ण नाव, टाइप केलेलं, खाली माझा पत्ता. मी घाबरले. सरकारी कागद माझ्या घरी तुझ्या नावानं आला म्हणजे तू इथे राहत होतीस याचा पुरावा, असं मला वाटलं, आणि मी न उघडता त्यावर माझ्या चांगल्या अक्षरात लिहिलं, या पत्त्यावर राहत नाही, आणि परत पाठवलं. महिन्यानं दुसरं आलं. तेही परत. पुस्तिका हातात यायच्या आधीचं हे. तिसरं मागच्या शनिवारी आलं. पोस्टमन ते माझ्या हातात ठेवून म्हणाला, हे मी परत नेणार नाही बाई, ती मला रोज विचारायची. मी ते उघडलं. तुझा अर्ज मंजूर झाला होता. पहिल्याच बैठकीत. चौकशीवाल्या बाईंनी लिहिलं होतं, खोली स्वच्छ, काम नियमित, घरमालकीण भित्री पण वाईट नाही. खोली तुझ्या नावावर ठरली होती, किल्ली घ्यायला दोनदा बोलावलं होतं, तू आली नाहीस म्हणून फाईल बंद केली आहे, एवढं कळवायला हे तिसरं. त्या कागदाचा आता काही उपयोग नाही, तरी सोबत ठेवलाय. तुला नको म्हटलं ते सरकारनं नव्हे, समितीनं नव्हे. मी म्हटलं. दोनदा, लेखी. हे तुला कळायलाच हवं, म्हणून लिहिलं. माझ्या मनाला बरं वाटावं म्हणून नव्हे, ते वाटलेलंही नाही. तुला दिलं होतं, एवढं तू बरोबर घेऊन जा, कुठेही पाठवलं तरी. पाकिटावर मी धाकटी लिहिलेलं नाही. तुझं नाव लिहिलंय, पूर्ण, सुलट. त्यात एक जोडाक्षर आहे, ते तुला येतं.

तुझीच, रकान्यात लिहिली तीच,
थोरली